नियंत्रित गट खिडकीत

चाळिशी ओलांडलेल्या जिल्हा परिषद शिक्षकाने काय काय केलं तर शोभतं, याची यवतमाळ जिल्ह्यात एक अलिखित यादी आहे. त्याने दोन एकर शेत घ्यावं आणि त्यात कापूस लावून पस्तावावं. तालुक्याच्या गावी प्लॉट घ्यावा. शिक्षक पतसंस्थेच्या निवडणुकीत पॅनेल टाकावं. पोरगं पुण्याला शिकायला पाठवून दर महिन्याला पुण्याच्या घरभाड्यावर बोलावं. या यादीत 'स्वतः शिकावं' हे कुठेच नाही. म्हणून शैक्षणिक तंत्रज्ञान हा विशेष विषय घेऊन मी एम.ए.ला नाव घातलं, तेव्हा गावाला आनंद होण्याऐवजी काळजी वाटली.

"सर, कायले शिकून राहिले आता?" पारावर मला विचारण्यात आलं, आणि मी तोंड उघडायच्या आत इतरांनीच उत्तरं दिली. एक म्हणाला, निवडश्रेणीसाठी. चोवीस वर्षं नोकरी झाली की निवडश्रेणी आणि तिला वरची पदवी लागते, हे आमच्याकडे शिक्षकांपेक्षा गावाला जास्त पाठ असतं. दुसऱ्याला वाटलं, सरांना अमरावती शिक्षक मतदारसंघातून उभं राहायचं आहे. तिसरा हळूच म्हणाला, "घरी जमत नसंन." चौथा हिशेबी होता.

"पगार वाढते का यानं?"

"नाही."

"मंग फी कोण भरते?"

"मीच."

यावर कोणीच काही बोललं नाही. त्या दिवशीच्या चहाचे पैसे मात्र त्या हिशेबी माणसानेच दिले.

दुसरी अडचण विषयाच्या नावाची. 'तंत्रज्ञान' म्हटल्याबरोबर लोकांनी माझ्या घरी बिघडलेले मोबाईल आणायला सुरुवात केली. कोणाचं पीएम किसानचं केवायसी अडलेलं, कोणाच्या ई-पीक पाहणीत कापसाच्या जागी तूर पडलेली. एक आजी टीव्हीचा रिमोटच घेऊन आल्या. मी सांगितलं, आजी, माझा विषय शिकण्याचं आणि शिकवण्याचं तंत्र असा आहे. त्या म्हणाल्या, "हो न बाप्पा, मंग याले शिकव न चालू व्हायले." सेल बदलल्यावर रिमोट चालू झाला. माझ्या अभ्यासक्रमातलं हे सर्वांत यशस्वी प्रात्यक्षिक. त्याला गुण मात्र नाहीत.

हा विषय शिकण्याची महाराष्ट्रात सोय नाही असं नाही. मुंबईच्या आयआयटीत २०१० पासून शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी. करता येते. हे मी घरी सांगितलं तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, आयआयटीसाठी लोक आठवीपासून क्लास लावतात." एसएनडीटी महिला विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, पण तिथे माझी पात्रता नावातल्या मधल्या शब्दावरच अडते. "मी जाते मग," बायको म्हणाली, "तुम्ही डबे करा." चर्चा तिथे थांबली. शिवाय मुंबईला जायचं तर यवतमाळकराने आधी रेल्वेपर्यंत जायचं असतं. यवतमाळ शहराला स्वतःची रेल्वे होती. कापूस वाहून नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात एका खासगी कंपनीने टाकलेली नॅरोगेज, यवतमाळ ते मूर्तिजापूर, लाडकं नाव शकुंतला. ती आता बंद आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम चालू आहे आणि २०२४ मध्ये तो कळंबच्या चिंतामणीपर्यंत पोचला. तो यवतमाळला येईपर्यंत आम्ही धामणगावला जाऊन गाडी धरतो. म्हणजे राहिलं दूरशिक्षण. कोणत्या विद्यापीठाचं, ते सांगत नाही. माझा निकाल अजून त्यांच्याकडे आहे.

प्रवेशाआधी परवानगी. सरकारी नोकराने शिकायचं तर विहित मार्गाने अर्ज करावा लागतो. आमची शाळा दोनशिक्षकी, आणि प्रभारी मुख्याध्यापक मीच. त्यामुळे सहायक शिक्षक या नात्याने मी मला अर्ज केला. मुख्याध्यापक या नात्याने त्याची छाननी केली आणि 'अर्जदाराचे काम समाधानकारक आहे, शिफारस करण्यात येते' असं लिहून तो केंद्रप्रमुखांकडे पाठवला. तिथून अर्ज वर गेला, वरून आणखी वर गेला आणि एका टप्प्यावर 'सदर अर्जासोबत मुख्याध्यापकांचे स्पष्ट मत जोडलेले नाही' असा शेरा घेऊन खाली आला. मी स्वतःला खुलासा मागितला. खुलासा समाधानकारक वाटल्याने तो पुन्हा वर पाठवला. अखेर परवानगी मिळाली, एका अटीवर: 'सदर शिक्षणाचा शालेय कामकाजावर कोणताही परिणाम होऊ नये.' शिक्षक शिकला तर त्याचा शाळेवर काडीचाही परिणाम होता कामा नये, ही अट लिहिणाऱ्याला शिक्षणशास्त्र आमच्या प्राध्यापकांपेक्षा जास्त कळलेलं असावं.

खरं तर आधी परीक्षा घेतली असती तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला ही पदवी घरपोच द्यावी लागली असती. शालार्थमधून त्याचा पगार निघतो, सरलमध्ये त्याची मुलं असतात, यू-डायस प्लसमध्ये त्याच्या शाळेच्या खिडक्या, दरवाजे आणि मुताऱ्या असतात. शालेय पोषण आहाराची नोंद रोज मोबाईलवर. अपार आयडी काढायचा. आधार जुळवायचं. ज्या मुलाच्या आधारवर नावातला एक काना कमी, तो मुलगा पहिल्या बाकावर बसून पाढे म्हणत असला तरी पोर्टलवर 'अवैध' असतो, आणि शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या वेळी त्या एका कान्यापायी शिक्षकाचं पद डगमगतं. पूर्वी दोन शिक्षक रस्त्यात भेटले की 'जेवण झालं का' असं विचारायचे. आता 'लिंक भरली का' असं विचारतात. लिंक व्हॉट्सअॅपवर येते आणि तिच्याखाली तीन गोष्टी ठरलेल्या असतात: 'तात्काळ', 'आजच' आणि 'माहिती नसल्यास निरंक अहवाल सादर करावा'. काहीही नसल्याची माहिती मुदतीत पाठवणं, ही आमच्या खात्याची शैक्षणिक तंत्रज्ञानाला मिळालेली स्वतंत्र देणगी आहे. पाश्चात्त्य ग्रंथांत तिचा उल्लेख मला अजून सापडलेला नाही.

अशा तरबेज माणसाला विद्यापीठाने पहिली सूचना दिली ती अशी: गृहपाठ स्वतःच्या हस्ताक्षरात, फुलस्केपवर, एका बाजूला, समास सोडून लिहावेत, टंकलिखित गृहपाठ स्वीकारले जाणार नाहीत. पहिला प्रश्न होता, 'कागदविरहित शिक्षणाचे फायदे सविस्तर लिहा.' मी सविस्तर लिहिले. कागद संपला तेव्हा आणखी आणला. शाईचे डाग पडलेला तो गठ्ठा टपालाने पाठवला आणि पोच म्हणून जोडलेलं पोस्टकार्ड परत येईपर्यंत वाट पाहिली.

रविवारी तालुक्याच्या गावी संपर्क सत्रं असत. तिथे माझ्यासारखेच सगळे: आश्रमशाळेचे एक अधीक्षक, कॉन्व्हेंटमधल्या दोन मॅडम, पुसदकडून एसटी बदलत येणारे एक सर. आमचे संमंत्रक वयाने आमच्यापेक्षा लहान होते आणि आम्हाला 'विद्यार्थी मित्रहो' म्हणताना लाजायचे. पन्नाशीचे विद्यार्थी मात्र अजिबात लाजत नसत. आयुष्यभर ज्या गोष्टींसाठी मुलांना अंगठे धरायला लावले, त्या सगळ्या त्यांनी पहिल्याच रविवारी करून टाकल्या. शेवटचा बाक धरला, उशिरा आले, शेजाऱ्याचं पाहून लिहिलं आणि 'सर, हे परीक्षेला येते का?' असं विचारलं.

मग विद्यापीठाने काही तास ऑनलाईन केले, संध्याकाळी सात ते आठ. आमचं गाव केळापूर तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूचं. गावात नेटवर्क नाही, टेकडीवर आहे. तिथे उभं राहिलं की कधी महाराष्ट्राचा टॉवर लागतो, कधी तेलंगणाचा. त्याच टेकडीच्या पायथ्याशी वनविभागाची पाटी आहे: अंधार पडल्यावर एकट्याने फिरू नये, वाघाचा वावर आहे. एके संध्याकाळी पाठ होता 'समकालिक आणि असमकालिक अध्ययन'. समकालिक म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वेळी हजर. असमकालिक म्हणजे तास रेकॉर्ड होतो आणि विद्यार्थी सवडीने पाहतो. दोन्हींचे गुणदोष सांगा, असा प्रश्न परीक्षेत आला तेव्हा मी लिहिलं की समकालिक अध्ययनात तिसरा घटकही त्याच वेळी हजर असण्याची शक्यता असते. परीक्षकाने त्यावर प्रश्नचिन्ह काढलं. ते बहुधा नागपुरात राहत असावेत.

अभ्यासाची पुस्तकं मात्र मला आवडली, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या धंद्यात किती थोर माणसांनी डोकं घातलंय, हे एरवी कळलंच नसतं. बी. एफ. स्किनर हे मोठे मानसशास्त्रज्ञ. १९५३ साली ते पालक म्हणून मुलीच्या चौथीच्या वर्गात जाऊन बसले. गणिताचा तास होता. काही मुलांचं सोडवून झालेलं, काहींना काही येत नव्हतं, आणि उत्तर बरोबर की चूक हे सगळ्यांना दुसऱ्या दिवशी कळणार होतं. स्किनर अस्वस्थ झाले आणि त्यांनी प्रत्येकाला ताबडतोब उत्तर सांगणारं शिकवण्याचं यंत्र बनवायला घेतलं. आमच्या वर्गात येऊन बसणारा पालक एकच असतो. त्याला जातीच्या दाखल्यासाठी प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा हवा असतो. तोही अस्वस्थच असतो, पण यंत्र बनवत नाही.

पुण्य मिश्रा या आपल्याकडच्या माणसाचं नावही त्याच पुस्तकांत भेटलं. ते मुंबईच्या आयआयटीत शिकले आणि पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाले. कोहलर नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी २००६ साली तीन वर्तुळं मांडली: विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्रज्ञानाचं ज्ञान. तिन्ही जिथे एकमेकांवर येतात, तिथे चांगला शिक्षक उभा असतो. आकृती सुरेख आहे. मी ती शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतली. आमच्या सहशिक्षिका मॅडमनी ती बराच वेळ पाहिली आणि खडूने दोन वर्तुळं आणखी काढली. एकावर लिहिलं 'वीज' आणि दुसऱ्यावर 'कपाटाची किल्ली'. आता पाचही वर्तुळं एकत्र येतात ती जागा शोधायला भिंग लागतं.

या अभ्यासाने माझं एक सामाजिक नुकसानही केलं. प्रत्येक शिक्षक प्रशिक्षणात एक चित्र पडद्यावर येतंच. त्यात लिहिलेलं असतं की माणसाच्या लक्षात वाचलेलं १० टक्के राहतं, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के आणि करून पाहिलेलं ९० टक्के. खाली नाव एडगर डेल. डेल यांनी १९४६ च्या आपल्या पुस्तकात अनुभवांचा शंकू काढला हे खरं आहे, पण त्यात हे टक्के नाहीतच. ते नंतर कोणीतरी चिकटवले. इतकी वर्षं टाळ्या वाजवून ऐकलेली गोष्ट बिनबुडाची निघाली, म्हणून पुढच्या प्रशिक्षणात मी हात वर केला आणि हे सांगितलं. तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणाले, "सर, आपण चहाच्या वेळी बोलू." चहाच्या वेळी ते दिसले नाहीत. त्याच्या पुढच्या प्रशिक्षणात तेच चित्र रंगीत होऊन आलं आणि मला दुसऱ्या सभागृहात बसवलं गेलं.

पण सगळ्यात करमणुकीचा पेपर म्हणजे या विषयाचा इतिहास. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत थॉमस एडिसनने भाकीत केलं की शाळांतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, सगळं शिक्षण सिनेमातून होईल. पुस्तकं अजून आहेत. मग रेडिओ आला, तेव्हा वर्गाचा आता कायापालट होणार असं ठरलं. मग टीव्ही आला. आपल्या देशात १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांत शिक्षण पोचवण्याचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतल्या २४०० गावांत टीव्ही बसले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. त्यामुळे या एका बाबतीत तरी विदर्भावर वेगळा अन्याय झाला असं म्हणता येत नाही, याची आमच्याकडच्या अनेकांना आजही खंत आहे. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. मराठी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करणारी ही संस्था माझ्या पिढीला दूरदर्शनवर भेटलेली. ती २०१७ मध्ये बंद झाली. २० सप्टेंबर २००४ ला एज्युसॅट हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह आकाशात गेला. मग संगणक, मग टॅब, मग स्मार्ट टीव्ही. प्रत्येक यंत्र आलं तेव्हा शिक्षकाची आता गरज राहणार नाही, असं कोणीतरी म्हणालं. आणि प्रत्येक यंत्र बंद पडलं तेव्हा ते उचलून कपाटात ठेवायला शिक्षकालाच बोलावलं गेलं.

आमच्या शाळेचं कपाट हे या इतिहासाचं संग्रहालयच आहे. खालच्या कप्प्यात रेडिओ, मधल्यात सीडीचा खोका, वरच्यात टॅब. हे सगळं जडसंग्रह नोंदवहीत जिवंत आहे. वस्तू बंद पडली म्हणून ती टाकता येत नाही, तिचं रीतसर निर्लेखन व्हावं लागतं. निर्लेखनाला समिती लागते, समितीला बैठक लागते, आणि बैठकीच्या दिवशी लिंक आलेली असते. सगळ्यात नवा दागिना म्हणजे लोकवर्गणीतून आलेला स्मार्ट टीव्ही. गावाने घामाचे पैसे दिलेले. म्हणून त्याच्यावर धूळ बसू नये यासाठी भरतकामाचं कापड घालतात आणि तो खराब होऊ नये म्हणून लावत नाहीत. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला कापड निघतं, पाहुणे नारळ फोडतात आणि कापड परत चढतं.

एम.ए.साठी कृती संशोधन करायचं होतं. मी ठरवलं, आता या टीव्हीचा पदर सोडवायचा. विषय घेतला: 'इयत्ता चौथी-पाचवीच्या विद्यार्थ्यांच्या अपूर्णांक संबोधावर दृक्-श्राव्य साधनाचा होणारा परिणाम'. विषयाचं नाव जितकं लांब तितकं मार्गदर्शकांचं समाधान जास्त. दोन गट पाडले. प्रायोगिक गट टीव्हीवर व्हिडिओ पाहून अपूर्णांक शिकणार. नियंत्रित गटाला मॅडम पलीकडच्या खोलीत नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे ज्वारीची भाकर तोडून शिकवणार. पूर्वचाचणी झाली. टीव्ही सुरू झाला. पाच मिनिटांत नियंत्रित गट आमच्या खिडकीत.

गजांना धरून एकावर एक चढलेली डोकी. संशोधन पद्धतीच्या पुस्तकात नियंत्रित गटावर बाह्य घटकांचा प्रभाव पडू देऊ नये असं लिहिलंय, पण खिडकी लावावी असं लिहिलेलं नाही. आणि आमच्या खिडकीला तसाही एकच पल्ला आहे. मॅडम भाकर हातात घेऊन मागून हाका मारताहेत. इकडे प्रायोगिक गटाची वेगळीच अडचण. व्हिडिओतल्या ताई गोड पुणेरी मराठीत म्हणत होत्या, "चला तर मग, या पिझ्झाचे आठ समान भाग करूया." आमची निम्मी मुलं कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतली. घरी कोलामी बोलतात, शाळेत वऱ्हाडी, पुस्तकात प्रमाण मराठी. अपूर्णांकापर्यंत पोचायला त्यांना दोन भाषा ओलांडाव्या लागतात, आणि आता वर पिझ्झा.

"सर, हे काय होय?"

"पिझ्झा."

"जयलेली भाकर होय का जी?"

मी पिझ्झा नागपूरला खाल्लेला असल्यामुळे मला या प्रश्नाला ठामपणे नाही म्हणता आलं नाही. बाकीचा तास पिझ्झ्यावर काय काय टाकतात, ते कच्चं असतं की शिजवलेलं आणि आठवा तुकडा कोणाला मिळतो यावर गेला. खिडकीतूनही प्रश्न आले.

उत्तरचाचणीत दोन्ही गटांचे गुण जवळपास सारखेच निघाले. मार्गदर्शकांना वाईट वाटलं. "सर, फरक तर दिसला पाहिजे. टीव्ही लावला न तुम्ही?" ते म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. फरक दिसला नाही असा प्रबंध ग्रंथालयात चांगला दिसत नाही. पण त्याच सुमारास मला रिचर्ड क्लार्क भेटले. या अमेरिकन संशोधकाने १९८३ साली आमच्या सगळ्या कपाटावर एका लेखात निकाल दिला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: किराणा घेऊन येणाऱ्या ट्रकमुळे गावाचं पोषण सुधारत नाही, किराण्याने सुधारतं. टीव्ही, रेडिओ, संगणक हे ट्रक आहेत. शिकवण्याची रीत हा किराणा. या म्हणण्यावर पुढे बरीच वर्षं वाद झाले, कारण ट्रक विकणाऱ्यांना ते पटलं नाही. मला मात्र लख्ख कळलं की आमच्या शाळेत गेली कित्येक वर्षं ट्रकच येतोय, नवा कोरा, हार घातलेला. नारळ फुटतो, फोटो निघतो, आणि मागचं फाळकं उघडून बघायला कोणी जात नाही.

म्हणून दुसऱ्या फेरीत मी टीव्हीवर कापड घातलं आणि माझा जुना मोबाईल मुलांच्या हाती दिला. दिवस कापूस वेचणीचे होते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे पोडावरच्या आठ वर्षांच्या पोरीलाही पाव, अर्धा आणि पाऊण किलो म्हणजे नेमके किती पैसे हे पाठ असतं. आईच्या गाठोड्यात पाव किलो कमी भरला तर भांडण कसं करायचं, तेही. मुलांनी काट्यावर गाठोडी चढताना व्हिडिओ काढले आणि त्यावर आपापल्या बोलीत आवाज दिला: आधी कोलामीत, मग वऱ्हाडीत, मग पुस्तकातल्या शब्दांत. एका आजीने काट्यावर संशय घेऊन शेतमालकाला जे सुनावलं तेही रेकॉर्ड झालं. तो भाग मूल्यशिक्षणासाठी वेगळा काढावा लागला. या वेळी नियंत्रित गट खिडकीत थांबलाच नाही, सरळ आत आला आणि आम्हालाही आवाज द्यायचा म्हणाला. संशोधन तिथे मोडलं, पण अपूर्णांक दोन्ही गटांना आले. प्रबंधात मी हे 'मर्यादा' या प्रकरणात लिहिलं आहे.

यात माझा नवा शोध काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच केलं. मुलं गुरं राखायला जात होती तर त्यांनी शाळा कुरणात नेली आणि बिया, पानं, दगड यांचं शैक्षणिक साहित्य केलं. वीज नव्हती, किल्लीही नव्हती. माझ्या मते आपल्याकडची शैक्षणिक तंत्रज्ञानाची ती सर्वांत भक्कम संस्था. फक्त तिला पोर्टल नव्हतं, त्यामुळे तिची आकडेवारी आजही निरंक दिसते.

मधल्या काळात गावाच्या माझ्याकडून अपेक्षा वाढल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामामुळे, हे सगळ्यांना माहीत आहे. रक्कम दहा लाख डॉलर, आपले सात कोटींच्या वर. पारावरच्या हिशेबी माणसाने एकदा मला चहा पाजता पाजता विचारलं, "सर, तुमचं बी तेच शिकणं होय न?" मी घरी हे सांगितलं. बायकोने माहिती काढली होती. डिसले गुरुजींनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून टाकली, हे तिला कळलं होतं. "तुम्ही असं काही करणार असाल," ती म्हणाली, "तर पदवीच घेऊ नका."

पदवी घ्यावी की नाही, असं आता तरुण शिक्षक मला विचारतात. माझं उत्तर आहे, घ्यावी. पगार वाढणार नाही, बदली होणार नाही, रविवार जाईल. पण कोणी झगमगीत यंत्र घेऊन शाळेच्या दारात आलं तर त्याला बसवून, पाणी देऊन 'यानं मुलाला काय येईल?' एवढंच विचारायचं धैर्य येतं, आणि विक्रेता निरुत्तर झाला तर त्याला नम्रपणे नाही म्हणता येतं. एवढ्यासाठी दोन वर्षं आणि फी काही जास्त नाही.

गावकऱ्यांना एक विनंती आहे. शाळेसाठी वर्गणी द्या, भरघोस द्या, पण देण्याआधी गुरुजींना विचारा की हे लावून शिकवणार काय. आणि वरच्या सर्व सन्माननीय अधिकाऱ्यांना विहित मार्गाने दुसरी: परीक्षेच्या रविवारी निदान लिंक पाठवू नका. निरंक अहवाल आम्ही सोमवारी देऊ.